ट्रकचं इंजिन बांधताना बजेट कसं बसवलं (माझा अनुभव)

पिकअपमधलं शेवरोलेचं जुनं ३५० व्ही८ (३५० घन इंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन), ट्रेलर जोडला की चढाला दम टाकायचं आणि ऑइल पण प्यायचं, म्हटलं बांधायचंच तर नीट बांधू. सगळे आधी हॉर्सपॉवर किती ते विचारतात, पण ट्रकला वजन ओढायचंय ना राव! म्हणून टॉर्क (फिरवायची ताकद) खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच पाहिजे हे आधी ठरवलं आणि त्यावरून पार्ट निवडले. ३८३ स्ट्रोकर केलं (स्ट्रोक वाढवून ३८३ घन इंच), म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० वरून ४.०३० इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३.४८ वरून ३.७५. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) मुद्दाम माइल्ड घेतला, मोठ्या ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम ऐकायला भारी पण खालचा टॉर्क खातो.

खरा पैसा मशीनिंगला लागतो. त्यामुळे एकही पार्ट ऑर्डर करायच्या आधी ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) धुऊन क्रॅक चेक करून घेतला, तो बाद निघाला असता तर सगळंच गणित फिसकटलं असतं. बोअरिंग, टॉर्क प्लेट (हेड बसवल्यासारखा ताण देणारी जाड प्लेट) लावून होनिंग (सिलिंडर आतून घासून अचूक मापाला आणणं), बॅलन्सिंग, शिवाय स्ट्रोकरला रॉड बोल्ट घासू नयेत म्हणून पॅन रेलजवळ (ब्लॉकची खालची कड) थोडं ग्राइंडिंग, सगळ्याचे रेट लेखी घेतले. फायनल होनिंग मात्र पिस्टन हातात आल्यावर, प्रत्येक पिस्टन मापून.

गॅस्केट, बोल्ट, ऑइल असल्या चिल्लर गोष्टींचा वेगळा रकाना केला होता, तोच सगळ्यात जास्त फुगला. पैसे ताणले गेले तेव्हा क्रोमची कव्हरं आणि भारीतलं इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) उडवलं, बेअरिंग आणि ऑइल पंपाला हात नाही लावला. आता ट्रेलरसकट चढ निवांत चढतो, रेडिएटर तेवढा मोठा टाकायचाय.