गंजलेला बोल्ट तुटला तर काय करायचं (आणि तुटू नये म्हणून आधी काय करायचं)

गोव्यात मोरजी, मांद्रे, हरमल ह्या पट्ट्यात ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, बोल्ट वरून नुसता तांबूस दिसतो आणि पाना लावला की कळतं आतून किती जाम आहे ते. खारी हवा, वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यात केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या रॅम्पवर चाकांना लागणारं खारं पाणी. डिचोली-साखळीकडे समुद्र लांब आहे पण तिकडे खाणीची लाल माती चॅसीला चिकटून ओल धरून ठेवते, म्हणजे गत तीच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, त्यामुळे आट्यांमधली बारीक फट गंज फुगून गच्च भरून जाते आणि वर बोल्टही गंजून बारीक झालेला असतो, म्हणून नुसता जोर लावला की आटे सुटायच्या आधी मान तुटते.

तेव्हा पहिली गोष्ट, घाई नको. संध्याकाळी वायर ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल (बारीक फटीत शिरणारं पातळ ऑइल) मारा, सकाळी परत मारा. आपल्याकडे सगळे डब्ल्यूडी-४० मारतात, ते वाईट नाही पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, जुन्या गंजासाठी खास पेनिट्रेटिंग स्प्रे मिळतो तो चांगला. काही मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, तेही काम करतं, फक्त ते दोन्ही लगेच वेगळे होतात म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यायचं, आणि ॲसिटोन पेंट उतरवतं आणि भडकन पेटतं हे लक्षात ठेवा. ऑइल मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ चार-पाच ठोके द्या, जोरात नको, ठोक्याने गंजाला भेगा पडतात आणि ऑइल आत शिरतं.

पाना लावताना फिक्स पाना नकोच, सहा कोनांचा सॉकेट लावा, बारा कोनांचा गंजलेल्या डोक्यावर घसरतो. आधी किंचित टाइट करून बघा, मग लूज, मग परत थोडं टाइट, असं मागे-पुढे. हाताकडे लक्ष द्या. 'कट्' असा कोरडा आवाज येऊन एकदम सैल झालं तर सुटला. पण पाना फिरतोय, आवाज काही नाही आणि हाताला रबरासारखं मऊ लागतंय, तर आटे सुटत नाहीत, बोल्ट पिळतोय. तिथेच थांबायचं! तिथून पुढे अर्धा फेरा मारला की तुटलाच.

थांबून काय करायचं तर हीट. जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आणि त्यातले स्टड (डोकं नसलेले बोल्ट) लोखंडी, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून ज्योत स्टडवर न धरता त्याच्या आजूबाजूला धरायची. ॲल्युमिनियम लाल न होताच वितळतं, त्यामुळे ज्योत एका जागी ठेवू नका, फिरवत राहा. गरम असताना मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हा जुना उपाय आहे पण खरंच चालतो. पेट्रोलची लाइन, टाकी, ब्रेकचे रबरी होज जवळ असतील तर ज्योत अजिबात नको, आणि स्प्रे मारलेला असेल तर आधी पुसून काढा.

आता एवढं करूनही तुटला तर बघा तुकडा बाहेर किती आहे. बोटाच्या पेराएवढा बाहेर असेल तर वाइस ग्रिप घट्ट लावून, परत हीट देऊन मागे-पुढे करा. थोडाच बाहेर असेल किंवा अगदी लेव्हलला तुटला असेल तर बहुतेक जण लगेच इझी आउट (तुटलेल्या बोल्टच्या भोकात घालून तो उलटा फिरवायचं हत्यार) आणायला पळतात, मला हे पटत नाही. विचार करा, अख्खा बोल्ट पान्याखाली पिळून तुटला, आणि आता त्याच बोल्टला भोक पाडून त्यात त्याच्याहून बारीक इझी आउट घालून तुम्ही तोच जाम तुकडा फिरवणार? इझी आउट कडक स्टीलचा असतो, तो वाकत नाही, तुटतो, आणि आत तुटला की साधा ड्रिल त्यावर चालतच नाही. मग कार्बाइड बिट किंवा स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणारा) शोधायचा.

त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याला बोलवा. तुकड्यावर एक नट ठेवायचा, नटच्या भोकातून आतल्या तुकड्यावर वेल्ड भरायचं, आणि लाली जाऊन हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत थांबायचं, मग नटला पाना. वेल्डची हीट तुकड्याच्या आतूनच जाते, निवताना तो आक्रसतो आणि गंजाची पकड सुटते. पहिल्या वेळी नट निघून आला तरी परत वेल्ड करा, प्रत्येक वेळी हीट बसतेच. ॲल्युमिनियमला हे वेल्ड धरत नाही, म्हणून हेडचे आटे सहसा वाचतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि त्या जागेवर ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर वेल्डिंग करू नका, क्लोरिनवाल्या क्लीनरपासून विषारी गॅस होतो.

तुकडा आत खोल असेल किंवा वेल्डिंगला जागाच नसेल तरच ड्रिल. तुकड्याचं तोंड सपाट करून सेंटर पंच अगदी मधोमध मारा, ह्यात जितका वेळ लागेल तितका लागू दे, कारण सगळं इथेच ठरतं. ३ मिमी बिटने सुरुवात, स्पीड कमी, ऑइल सोडत राहायचं, हात सरळ. डावा बिट, म्हणजे उलटा फिरणारा, मिळाला तर कधी कधी तुकडा ड्रिल करतानाच बाहेर येतो. एम ८ (८ मिमी जाडीचा बोल्ट) च्या १.२५ पिचला, म्हणजे दोन आट्यांमधल्या १.२५ मिमी अंतराला, ६.८ मिमी आणि एम ६ च्या १.० पिचला ५ मिमीपर्यंतच मोठं करायचं, मग आट्यांत उरलेली बारीक स्प्रिंगसारखी तार टोकदार सुईने ओढून काढायची आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे. भोक एका बाजूला गेलं तर पुढे ढकलू नका, हेड काढून लेथवाल्याकडे न्या, तो सरळ मोठं करून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून देईल.

नवीन बोल्ट घालताना डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघा, ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९, ब्रेक आणि स्टीअरिंगला तर ह्यात तडजोड नाहीच. गंजत नाही म्हणून ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस कोरडाच घालतात, तसं करू नका, खाऱ्या हवेत तो ॲल्युमिनियमच खातो. आट्यांना कॉपर अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, सायलेन्सरच्या स्टडला तर नक्कीच, आणि ते लावलं की घर्षण कमी होतं म्हणून मॅन्युअलमधल्या कोरड्या आट्यांच्या टॉर्कपेक्षा थोडं कमीच टाइट करा.