आठ आठवड्यांची प्रयोगशाळा: नाशिकहून क्योटोला जाताना

एका संयुक्त प्रकल्पासाठी मी आठ आठवडे क्योटोत राहिलो. फळमाशी उपाशीपोटी किती काळ तग धरते, याची मोजणी आमच्या चमूने नाशिकमध्ये केली होती. तीच मोजणी तिथल्या माश्यांवर, त्याच पद्धतीने करायची होती आणि त्यासाठी यजमान विद्यापीठाने एक रिकामी खोली दिली होती. माश्या इथून नेल्या नाहीत, कारण भारतातील सजीव परदेशी नेणे हा विषय जैवविविधता कायदा, २००२ च्या कक्षेत येतो आणि परवानगीसाठी वेळ राखावा लागतो.

अशा कामाला निघणाऱ्याने उपकरणांच्या यादीआधी जिवाचे जीवनचक्र कागदावर मांडावे. फळमाशीला २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट. नव्या अन्नाची सवय होण्यासाठी दोन पिढ्या आणि मोजणीसाठी तिसरी, अंडी घालण्याचे दिवस धरून प्रत्येकी १२, म्हणजे ५६ पैकी ३६ दिवस इथेच संपतात. माश्या वयात येण्यास आणि मोजणीस आणखी आठ-दहा दिवस जातात. खोली उभारायला उरते फार थोडे.

सर्वाधिक विचार अन्नाचा करावा लागला. नाशिकमध्ये आम्ही रवा, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगर (समुद्री शेवाळापासूनची पूड) शिजवून अन्न तयार करत असू आणि गूळ रविवार कारंज्यावरून आणत असू. परंतु प्रत्येक ढेपेतील ओलावा आणि क्षार वेगळे असतात, मग दोन देशांतील आकडे एकमेकांशेजारी कसे ठेवायचे? म्हणून निघण्याच्या तीन महिने आधीच आम्ही गुळाऐवजी प्रयोगशाळेत वापरली जाणारी शुद्ध साखर घेतली आणि नाशिकची मोजणी पुन्हा केली. हे काम कंटाळवाणे होते, पण ते टाळले असते तर क्योटोतील श्रम वाया गेले असते. बुरशी रोखणारे प्रोपिऑनिक आम्ल ज्वलनशील व दाहक असल्याने विमानातून सामानात नेता येत नाही. ते आणि माश्यांना गुंगी आणण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर यजमानांकडेच मागून ठेवावा.

क्योटोत वीज १०० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. त्यामुळे मोटरवर चालणारी उपकरणे तिथेच घ्यावीत आणि सोबत कुंचले, नरसाळी आणि बॅटरीवरचे तापमाननोंदक एवढेच न्यावे. या नोंदकानेच मला वाचवले. उबवणीपेटीचा पडदा २५ अंश दाखवत होता, पण वरचा कप्पा दोन अंशांनी थंड होता आणि तिथल्या कुप्यांतील माश्या कोशातून उशिरा बाहेर पडत होत्या. पहिल्याच दिवशी प्रत्येक कप्प्यात नोंदक ठेवून पाहावे, हे मी दुसऱ्या आठवड्यात शिकलो.

खोलीची किल्ली हा विषय पत्रव्यवहारात क्वचितच येतो, पण मागितलीच पाहिजे. आमच्या मोजणीला न फळलेल्या, म्हणजे नराशी मीलन न झालेल्या, माद्या लागत होत्या. कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंशांना साधारण आठ तासांच्या आत त्या वेगळ्या काढाव्या लागतात, म्हणजे सकाळी लवकर आणि रात्री उशिरा, रविवारीसुद्धा, प्रवेश हवा.

शेवटचे दोन दिवस आवरण्यासाठी राखावेत, कारण एकही माशी खिडकीतून बाहेर जाता कामा नये: सर्व कुप्या आधी उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि त्यानंतरच धुवायला घ्याव्यात.