मदतीचं पान आहे, पण सापडत नाही? या चुका टाळा

दुकानदारांच्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी मी मराठी मदत-पानं लिहायचो, तेव्हाची गोष्ट. सपोर्टला फोन आला, ‘‘बिल चुकून दोनदा झालंय, एक डिलीट कसं करू?’’ यावर आमच्याकडे चित्रांसकट अख्खं पान होतं. शीर्षक होतं ‘बीजक निरस्तीकरण’. दुकानदाराने शोधलं होतं ‘बिल डिलीट’, आणि शोधखिडकीने सांगितलं, काही सापडलं नाही. (‘निरस्तीकरण’ माझंच. तेव्हा फार शुद्ध वाटलं होतं.)

अशा वेळी मीटिंगमध्ये पहिली सूचना येते ती ‘सर्च इंजिन बदलूया’ अशी. त्याआधी एक काम करा. लोकांनी काय शोधलं याची नोंद काढा आणि ज्या शोधांना शून्य उत्तरं आली ते शोध वरून खाली वाचा. उत्तरं आली पण एकावरही क्लिक झालं नाही, तेही शोध बघा. बऱ्याचदा रोग तिथेच कळतो.

लोकांचा शब्द पानावरच नसणे

काउंटरवर बसलेला माणूस ‘क्रेडिट नोट’ शोधत नाही. तो ‘माल परत आला’ असं टाइप करतो. ‘येणे बाकी अहवाल’ त्याला ‘उधारी’ म्हणून हवा असतो. बटणावर ‘क्रेडिट नोट’ लिहिलं असेल तर पानातही तोच शब्द ठेवा, नाहीतर माणूस बटण शोधत बसेल. पण पहिल्याच वाक्यात लिहा: ‘गिऱ्हाइकाने माल परत आणला तर क्रेडिट नोट करावी लागते.’ दोन्ही शब्द एका ओळीत आले, काम झालं.

समानार्थी शब्दांची यादी सर्चला देता येते, पण तिथे हात जरा आखडता ठेवा. आम्ही ‘बिल’ आणि ‘पावती’ एकच धरले. मग पैसे जमा केल्याची पावती शोधणाऱ्याला बिलाची झाडून सगळी पानं दिसायला लागली. नातं एकतर्फी ठेवा: ‘डिलीट’ शोधलं तर ‘रद्द’ दाखवा, पण ‘रद्द’ शोधणाऱ्याला ‘डिलीट’ची सगळी पानं देऊ नका, त्यात ग्राहक डिलीट करणं, मालाची नोंद डिलीट करणं असं बरंच काही असतं.

इंग्रजीसाठी बनलेला सर्च तसाच लावणे

ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त छळते. मजकूर तोडून शब्द वेगळे करायला प्रोग्रामर सवयीने रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरातले नमुने ओळखायच्या नियमांमधली) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही ‘शब्दातलं अक्षर’ अशा अर्थाची खूण वापरतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये ही खूण काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘पावती’ या शब्दाचे तिथे ‘प’ आणि ‘वत’ असे दोन तुकडे होतात. जावास्क्रिप्टमध्ये तर ही खूण देवनागरीतलं एकही अक्षर ओळखत नाही. एक मराठी शब्द तोडून पाहा. तुकडे पडले तर अक्षरांबरोबर चिन्हंही धरणारा नियम लिहा.

दुसरी अडचण प्रत्ययांची. हिंदीत ‘बिल का’ सुटं लिहितात, आपण ‘बिलाचा, बिलात, बिलावरून, बिलांमध्ये’ असं जोडून लिहितो. इलॅस्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरसोबत हिंदी आणि बंगालीचे विश्लेषक (शब्द वेगळे करून प्रत्यय काढणारे भाग) तयार मिळतात, मराठीचा मिळत नाही. ‘लिपी तीच आहे ना’ म्हणून हिंदीचा लावला तर आपले प्रत्यय त्याला कळत नाहीत. पूर्ण व्याकरण शिकवत बसण्याऐवजी शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवा. ‘पावत’ एवढं जुळलं की पावती, पावत्या, पावतीवर सगळं हाती लागतं. ‘बिल’सारख्या छोट्या शब्दाला मात्र ‘बिलकुल’ही चिकटतो, तेव्हा जसाच्या तसा जुळणारा शब्द वरच्या क्रमांकावर ठेवा.

दिसायला जुळे, आतून वेगळे

‘कर्मचाऱ्यांचा पगार’ हे पान समोर उघडं आहे, शीर्षक डोळ्यांना दिसतंय, तरी शोधात येत नाही. का? तो ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांक-पद्धतीत यू+०९३१), हलंत, ‘य’. दोन, साधा ‘र’, हलंत, मध्ये एक अदृश्य जोडक (यू+२००डी), मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण सर्चच्या लेखी वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तेच: कुणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरतं, कुणी ‘अ’ला वरून चंद्र देतं, कधी जोडकासह, कधी त्याच्याशिवाय. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) हे एक करत नाही.

जोडक नुसतं उडवूनही भागत नाही. मग ‘र्य’ उरतो, तो ‘ऱ्य’शी जुळत नाही. त्यामुळे शोधापुरतं ‘ऱ’चं ‘र’ करा, जोडक काढा, ‘ॲ’चं एकच रूप ठेवा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांचा घोळ होईल, कबूल. पण बिलिंगच्या मदतीत दोघंही सहसा येत नाहीत. हे बदल साठवलेल्या मजकुरावर आणि शोधाच्या शब्दावर, दोन्हीकडे हवेत. आम्ही आधी एकाच बाजूला केले आणि जे सापडत होतं तेही गेलं.

‘सेटिंग-सेटींग’, ‘अकाउंट-अकाऊंट’ यासाठी ऱ्हस्व-दीर्घ एक धरा. आकडे देवनागरी असोत की इंग्रजी, एकच माना. रोमन लिपीत मराठी टाइप करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी नेहमीच्या शोधांची छोटी यादी हातानेच करा.

मजकूर आहे, पण वाचता येत नाही

एरर मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट लावू नका. त्यातलं वाक्य खाली जसंच्या तसं टाइप करा, सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच. आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. आमच्या ‘सुरुवात कशी करावी’ या पुस्तिकेतून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बाहेर पडली होती. ती शेवटी बसून पुन्हा टाइप केली.