ग्रनाडाचं अल्बाइसिन पायी फिरताना या चुका टाळा

नकाशातल्या मिनिटांवर विसंबून चढायला लागणं ही पहिली चूक, आणि जवळजवळ प्रत्येक जण ती करतो. स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात दार्रो नदीच्या एका बाजूला अल्हाम्ब्रा हा महालांचा किल्ला, समोरच्या टेकडीवर अल्बाइसिन ही मुसलमानी अमलातली जुनी वस्ती. खालच्या प्लासा नुएवा या चौकापासून वर, जिथून अल्हाम्ब्रा समोर दिसतो त्या सान निकोलासच्या कट्ट्यापर्यंत नकाशा पंधरा-वीस मिनिटं दाखवतो. पायऱ्या आणि ऊन त्यात कुठून दिसणार? गल्लीच्या नावात ‘कुएस्ता’ आलं की चढ आहे, एवढं लक्षात ठेवा.

मी हे शिकले ते आईच्या जिवावर. जुलैतली दुपार, तीन वाजलेले. जवळची वाट म्हणून तिला पायऱ्यांच्या गल्लीत घातलं. इथल्या वाटा नदीतल्या गोट्यांच्या; लिंबाएवढे गोटे शेजारी-शेजारी रोवलेले, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले. आईच्या चपलेचा तळ सपाट, दर चार पावलांना पाय सटकायचा. शेवटी एका बंद दाराच्या उंबऱ्यावर ती टेकली. “तू जाऊन ये, मी इथंच बसते.” पाणी आणायला धावले, तर दुकानं दुपारची बंद. आईनं सान निकोलास पाहिलंच नाही. ते मला आजही लागतं.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला: सी३१ या छोट्या बसनं वर जायचं, चालायचं ते उतरताना, तेही रबरी तळाच्या बुटांत. सकाळी प्लासा लार्गा गाठते, तेव्हा भाजी-फळांचा बाजार भरलेला असतो. तिथून आर्को दे लास पेसास या अकराव्या शतकातल्या वेशीतून पलीकडे. पेसास म्हणजे वजनं. लबाड व्यापाऱ्यांची जप्त केलेली खोटी वजनं या वेशीवर टांगत. फक्त मावळतीला फोटोपुरते येणारे हे सगळं हुकवतात. मावळतीचं ऊन अल्हाम्ब्रावर सुंदरच पडतं, पण त्या गर्दीत पिशवी पोटाशी धरा.

चाकांची बॅग इथं ओढू नका. अल्हाम्ब्राचं तिकीट ‘गेल्यावर बघू’ म्हणून सोडू नका. त्यातल्या नासरी महालांत, म्हणजे नासरी सुलतानांच्या राजवाड्यांत, ठरल्या वेळीच सोडतात. कुणी हातात रोझमेरीची डहाळी ठेवली तर घेऊ नका, पैसे मागतील. कार्मेनचं, म्हणजे उंच भिंतीआडच्या बागेच्या घराचं, दार उघडं दिसलं तरी आत शिरू नका. तिथं माणसं राहतात.

आणि उतरल्यावर नदीकाठच्या एल बान्युएलोसमोरून घाईनं निघून जाऊ नका. ते अकराव्या शतकातलं हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, आहे. छताला ताऱ्यांच्या आकाराचे झरोके आहेत. आत थोडं थांबलं की उजेडाचे तुकडे भिंतीवरून सरकताना दिसतात.