मतभेदाची चर्चा: वचन आधी, परंपरा नंतर

ख्रिस्ती मंडळीत बायबलच्या शिकवणीवरून मतभेद झाला, तर एका बैठकीला एकच प्रश्न घ्या आणि तो कागदावर लिहा. ‘बाप्तिस्मा’ हा प्रश्न नव्हे, विषय झाला. ‘तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा का?’ हा प्रश्न.

मग दोन्ही बाजूंनी आपापली वचने, म्हणजे बायबलमधले आधार, आणावीत, पण सुटी ओवी (अध्यायातले एकच क्रमांकित वाक्य) नको. अख्खा अध्याय मोठ्याने वाचा. लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात १६:३३ मध्ये (अध्याय १६, ओवी ३३) तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा होतो, एवढ्यावर बाळांना बाप्तिस्मा द्यावा म्हणणारी बाजू थांबते. पुढची ओवी सगळ्या घराण्याच्या आनंदाबरोबर विश्वासाचाही उल्लेख करते. घरात तान्ही मुले होती की नव्हती, हे लूक सांगत नाही. जिथे वचन गप्प आहे तिथे ‘वचन गप्प’ असेच लिहा. बहुतेक वाद इथेच पेटतात, कारण रिकामी जागा प्रत्येक जण आपल्या मंडळीच्या सवयीने भरतो.

भाषांतरेही दोन-तीन ठेवा. कृत्ये ८:३७, म्हणजे बाप्तिस्म्याआधी विश्वासाची कबुली देणारी ओवी, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही; सगळा मुद्दा त्यावर उभारला तर तो डळमळेल.

परंपरेला लगेच धुडकावू नका. मार्क ७:८ मध्ये येशू तिच्यावर टीका करतो, तर २ थेस्सलनीका २:१५ मध्ये प्रेषित पौल ती धरून ठेवायला सांगतो. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच, परादोसिस. म्हणून विचारायचे ते इतकेच: ही रीत वचनाला पुसते का? मार्क ७:११ मधले ‘कुर्बान’ (‘हे देवाला अर्पण’ म्हणून आईबापांना मदत नाकारण्याची रीत) नेमके तेच करत होते.

आवाज चढला की थांबा, पुढच्या बैठकीला तीच वचने पुन्हा उघडा. कृत्ये १७:११ मधले बिरुया नगराचे लोक पौलाची शिकवण पडताळायला रोज शास्त्र तपासत होते, एका संध्याकाळीच नव्हे.