ऑडॅसिटी पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी हे बघा

ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेचं बटण दाबलं आणि आवाजाऐवजी 'एरर ओपनिंग साउंड डिव्हाइस' अशी पाटी आली, की बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. मीही तेच करायचो. एका संध्याकाळी तीनदा केलं. तिसऱ्यांदा हॉलमधून आईची हाक आली, "अरे, तू टीव्हीतून का बोलतोयस?" लॅपटॉपला एचडीएमआयची केबल लावलेली होती आणि विंडोजने आवाज तिकडे वळवला होता.

पुन्हा इन्स्टॉल करून सहसा काही साधत नाही. विंडोजवर ऑडॅसिटीच्या सेटिंग्ज 'ॲपडेटा' फोल्डरमधल्या एका वेगळ्या फाइलीत असतात. प्रोग्रॅम काढला तरी ती फाइल तिथेच राहते आणि नवी ऑडॅसिटी जुनीच चूक उचलते.

१. आधी मीटर बघा. प्ले केल्यावर हिरवी पट्टी हलतेय पण ऐकू येत नाही, म्हणजे ऑडॅसिटीचं काम चोख चाललंय. आवाज भलतीकडे जातोय. 'ऑडिओ सेटअप'मध्ये प्लेबॅक डिव्हाइस बदला. हेडफोन ऑडॅसिटी उघडल्यानंतर लावला असेल तर तो यादीत दिसणारच नाही. तिथेच 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस' करा. पट्टीच हलत नसेल तर ट्रॅक म्यूट आहे का, किंवा दुसरा एखादा सोलो (म्हणजे फक्त तोच वाजेल असा) आहे का, ते पाहा.

२. पाटीवरचा आकडा वाचा. उणे ९९९६ म्हणजे निवडलेलं डिव्हाइस जागेवर नाही. उणे ९९९७ म्हणजे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) जुळत नाही: प्रोजेक्ट ४४१०० वर आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८०००, असं काहीतरी असतं. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. उणे ९९९९ मात्र मोघम आहे. रेकॉर्ड करताना तो आला तर आधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे ना, ते बघा. तरीही अडलं तर 'ऑडिओ सेटअप'मधला होस्ट, म्हणजे ऑडॅसिटी आणि साउंड डिव्हाइस यांना जोडणारा विंडोजचा दुवा, 'एमएमई'वरून 'विंडोज वासापी'वर नेऊन पाहा.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक वापरू नका. तो सुरू झाला की हेडसेट फोनच्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाजही डबड्यातून आल्यासारखा होतो.

३. आता प्लगिन, म्हणजे इफेक्टसाठी ऑडॅसिटीला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम. इफेक्ट मेनू अख्खा करडा झाला असेल तर घाबरू नका, तुम्ही पॉज दाबलेलं आहे. स्टॉप दाबा.

नवा प्लगिन दिसत नसेल तर ६४ बिटच्या ऑडॅसिटीला ३२ बिटचा चालत नाही, हे आधी तपासा. व्हीएसटी३ या प्रकारच्या प्लगिनची जागा सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम फाइल्स', मग 'कॉमन फाइल्स', मग 'व्हीएसटी३'. फाइल तिथे ठेवून प्लगिन मॅनेजरमधून रीस्कॅन करा. पेटी, तबला वाजवणारे इन्स्ट्रुमेंट प्लगिन मात्र ऑडॅसिटीत चालतच नाहीत. त्यासाठी रीपरसारखं दुसरं सॉफ्टवेअर लागेल.

एखाद्या प्लगिनमुळे ऑडॅसिटी उघडतानाच कोसळत असेल तर एकेक काढत बसू नका. निम्मे प्लगिन दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. कोसळणं थांबलं, तर दोषी हलवलेल्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. त्या गटाचे पुन्हा दोन भाग. १६ प्लगिनांतला बिघडलेला एक असा चार फेऱ्यांत हाती लागतो.

४. आवाज तुटक येतोय, चरचरतोय? ट्रॅकवरचे रिअलटाइम (वाजतानाच लागू होणारे) इफेक्ट तात्पुरते बंद करून ऐका. नीट वाजलं तर प्रोसेसरला भार झेपत नाहीये. 'मिक्स अँड रेंडर टू न्यू ट्रॅक' करा, म्हणजे इफेक्ट लागलेला आवाज नव्या ट्रॅकवर पक्का होईल, आणि मूळ ट्रॅक म्यूट करून ठेवा. प्रेफरन्सेसमधली बफर लेंग्थ (किती आवाज आधीच तयार ठेवायचा ते) १०० मिलिसेकंदांवरून २०० केली तरी बऱ्याचदा भागतं.

५. एवढं करूनही हललं नाही, तर टूल्स मेनूत 'रीसेट कॉन्फिगरेशन' आहे. सेटिंग्ज पहिल्यासारख्या होतात, रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. तरी आधी प्रोजेक्ट सेव्ह करा. नंतर माइक आणि स्पीकर नव्याने निवडावे लागतील.