सोनोग्राफी शिकताना आधी सावली वाचायला शिका

सांगली-मिरजेत रेडिओलॉजी शिकायला येणारे नवे डॉक्टर भेटले, की सोनोग्राफीत हात बसायला किती दिवस लागतात, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. हात सहा महिन्यांत बसतो. परंतु पडद्यावर दिसते ते छायाचित्र नसून यंत्राने मांडलेला हिशेब आहे, ही जाणीव अंगवळणी पडायला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि आमच्या बहुतेक चुका याच जाणिवेच्या अभावी होतात. म्हणून तो हिशेब आधी समजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते.

प्रोब म्हणजे रुग्णाच्या अंगावर टेकवून फिरवायचे हातातले उपकरण. त्याच्या तोंडाशी दाबविद्युत स्फटिकांची रांग असते. विजेचा स्पंद दिला की ते थरथरतात व ध्वनी निर्माण करतात, आणि परतलेल्या ध्वनीचा दाब त्यांच्यावर पडला की पुन्हा वीज निर्माण करतात. दाबातून वीज निर्माण करण्याचा स्फटिकांचा हा गुणधर्म जाक आणि प्येर या क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजार हर्ट्झची, तर आपण वापरतो तो ध्वनी साधारण २० लाख ते दीड कोटी हर्ट्झचा. प्रोब क्षणभरच बोलतो आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ ऐकतो. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरलेला असल्याने एक सेंटिमीटर खोल जाऊन परतायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी आला, तर यंत्र १० सेंटिमीटर खोलीवर ठिपका मांडते; प्रतिध्वनी जितका जोरकस, तितका ठिपका पांढरा.

या हिशेबात यंत्राने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: ध्वनी सरळ रेषेत जातो, सगळीकडे एकाच वेगाने जातो, एकदाच आदळून थेट परत येतो आणि खोलीबरोबर सारख्या प्रमाणात क्षीण होतो. शरीर यांपैकी एकही अट पूर्णपणे पाळत नाही. जेथे ती मोडते तेथे पडद्यावर काहीतरी वेगळे उमटते, आणि पुष्कळदा तेच आपले निदान असते.

सर्वांत मोठा अडथळा हवेचा. ऊती आणि हवा यांच्या सीमेवरून ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी मागे फिरतो. जेल लावतात ते प्रोब आणि त्वचा यांच्यामधली हवा घालवण्यासाठी. (थंडीच्या दिवसांत जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गार जेल लागताच रुग्ण पोट आक्रसून घेतो आणि तपासणी तेथेच बिघडते.) आतड्यातल्या वायूपुढे मात्र जेलचा उपयोग नाही. एकदा जतहून पहाटेच्या एसटीने आलेले काका तपासणीच्या टेबलावर म्हणाले, ‘‘उपाशीच हाय डॉक्टर, नुसता च्या घेतलाय.’’ त्या दुधाच्या चहाने त्यांचे पित्ताशय आकसून बोटाएवढे झाले होते आणि स्वादुपिंड वायूच्या पडद्याआड गेले होते. सहा तास पोट रिकामे ठेवण्याची सूचना नुसती चिठ्ठीवर लिहू नये, ‘‘चहासुद्धा नको’’ असे तोंडाने सांगावे. ओटीपोटाच्या तपासणीत लघवी भरून यायला सांगतात तेही याच कारणासाठी. भरलेले मूत्राशय वायूने फुगलेली आतडी वर सारते आणि स्वतः ध्वनीसाठी खिडकी बनते.

आता माझी चूक सांगते. शिकायला लागून दोन महिनेही झाले नव्हते. उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून आलेल्या एका मावशींच्या पित्ताशयाला लागून मला ठळक पांढरी रेघ आणि तिच्यामागे सावली दिसली, आणि मी वहीत पित्तखडा लिहून मोकळी झाले. आमच्या मॅडमनी वही वाचली, पण मला काहीच सांगितले नाही. त्या स्वतः टेबलाजवळ आल्या, मावशींना डाव्या कुशीवर वळायला सांगितले आणि प्रोब पुन्हा माझ्याच हातात दिला. पांढरी रेघ आता पित्ताशयापासून सुटली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा आकार बदलत होता. तो लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला वायू होता. ‘‘सावली बघ,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘धुरकट आहे.’’

त्यानंतर मी सावल्या पाहू लागले. खडा ध्वनी अडवतो आणि शोषतो, त्यामुळे त्याच्यामागची सावली काळीभोर आणि रेखीव कडांची असते. वायूवर ध्वनी पुनःपुन्हा आपटून परततो, त्यामुळे त्याची सावली राखाडी आणि गढूळ दिसते. रुग्णाने कूस बदलली की सुटा खडा घरंगळत पित्ताशयाच्या तळाकडे जातो. पॉलिप, म्हणजे भिंतीला चिकटलेला मांसल उंचवटा, जागचा हलत नाही. अगदी बारीक खडा काही वेळा सावली टाकत नाही. तेव्हा फोकस नेमका त्या खोलीवर आणावा आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे ध्वनीची कंपनसंख्या, वाढवून पाहावी.

सावलीच्या उलट प्रकारही ओळखता यावा. पाण्याची गाठ ध्वनीला फारसे क्षीण करत नाही, पण यंत्र मात्र खोलीनुसार प्रतिध्वनी वाढवून भरपाई करतच राहते, म्हणून गाठीमागचा भाग अधिक उजळ दिसतो. छाती आणि पोट यांमधले श्वासपटल आरशासारखे वागते आणि त्याच्या पलीकडे, फुप्फुसाच्या जागी, यकृताचे प्रतिबिंब उमटते. नवखा डॉक्टर ते पाहून गोंधळतो. वास्तविक ते दिसणे म्हणजे श्वासपटलापलीकडे हवेने भरलेले फुप्फुस आहे आणि तेथे पाणी साचलेले नाही, याची खूणच.

प्रोबची निवड थोडक्यात सांगते. फ्रिक्वेन्सी वाढवली की तपशील वाढतो आणि खोली घटते. पोटासाठी वक्र प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. थायरॉइड, स्तन, स्नायू यांच्यासाठी सरळ प्रोब, ७ मेगाहर्ट्झच्या पुढचा. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह पाहताना, ध्वनीचा कोन विसरू नये. रक्तप्रवाहाशी काटकोन झाला, तर वाहत्या रक्तवाहिनीतही प्रवाह दिसत नाही. रक्तवाहिनी बंद आहे असे लिहिण्यापूर्वी कोन ६० अंशांच्या आत आणून पुन्हा पाहावे.

पडद्यावर पाहत शरीरात सुई घालण्याचा सराव रुग्णावर सुरू करू नये. आम्ही चायना ग्रास पाण्यात उकळून डब्यात ओततो, त्यात तासगावची द्राक्षे सोडतो आणि थिजल्यावर वर जेल लावून प्रोब ठेवतो. द्राक्षे काळसर गोल दिसतात आणि सुई पांढऱ्या रेघेसारखी त्यांच्याकडे सरकते. मिश्रण ओतताना बुडबुडे राहू देऊ नयेत, नाहीतर प्रत्येक बुडबुडा खड्याचे सोंग घेतो. सुईचे टोक सतत डोळ्यांसमोर ठेवणे ही सवय येथेच लागते.

आपल्या भागात सीमेपलीकडून कन्नड बोलणारे रुग्ण पुष्कळ येतात. ‘‘उसिरु हिडीरी’’, म्हणजे श्वास धरा, एवढे तरी शिकून घ्यावे. खोल श्वास धरला की यकृत बरगड्यांखालून खाली उतरते आणि अर्धी तपासणी सोपी होते.

बारावीनंतर सोनोग्राफी टेक्निशियन होता येईल का, असे विद्यार्थ्यांचे पालकही विचारतात. आपल्याकडे ही तपासणी पात्र डॉक्टरनेच करायची असते. सरळ वाट एमबीबीएस आणि त्यानंतर रेडिओलॉजीतील तीन वर्षांचे एमडी अथवा डीएनबी ही आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा मात्र पहिल्या दिवसापासून पाठ हवा. गर्भवतीच्या तपासणीत या कायद्याखालील नोंदीचा एफ फॉर्म पूर्ण भरलेला, तिची सही घेतलेली आणि डॉक्टरांचे घोषणापत्र जोडलेले असलेच पाहिजे. नोकरी धरताना यंत्र आणि केंद्र नोंदणीकृत आहे, तसेच त्या नोंदणीत आपले नाव आहे, याची कागद पाहून खात्री करावी. ‘‘काय आहे, तेवढं सांगा की’’ असे सासूबाई दारात उभ्या राहून कितीही आर्जवाने म्हणाल्या, तरी उत्तर एकच, आणि ते खुणेनेसुद्धा द्यायचे नाही. सुनेचा चेहरा त्या वेळी मी अनेकदा पाहिला आहे. ती मान वर करत नाही.

अहवाल लिहिताना जे दिसले नाही तेही लिहावे. जतच्या त्या काकांच्या अहवालात मी ‘‘स्वादुपिंड सामान्य’’ असे लिहिले नाही. ‘‘आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड दिसू शकले नाही, उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी’’ असे लिहिले, आणि इतक्या लांबून पुन्हा यावे लागणार म्हणून परतीच्या गाडीपूर्वी त्यांना कारण नीट समजावून सांगितले.